डोंगरपट्टींतील उचल आणि बचत

दसरा-दिवाळी उलटली कीं मराठवाड्याच्या डोंगरपट्टींत एक देखावा दरसाल दिसतो. नांदेड जिल्ह्यांतील मुखेड, कंधार, लोहा आणि लातूर जिल्ह्यांतील जळकोट, अहमदपूर या तालुक्यांच्या वाड्या-तांड्यांतून ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसें बाहेर पडूं लागतात. भांडींकुंडीं, पांघरुणें, एखादी शेळी, कांहीं महिन्यांचें धान्य आणि सर्वांच्या वर बसलेलीं लहान मुलें, असा तो संसार पश्चिम महाराष्ट्रांतील किंवा कर्नाटकांतील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतो. गांवांत उरतात तीं बहुधा म्हातारीं माणसें. शाळेच्या हजेरीपटावर नांवें राहतात, वर्गांत मुलें राहत नाहींत.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांना हा देखावा वर्तमानपत्रांतून ठाऊक असतो. पाऊस लहरी, जमीन हलकी, म्हणून माणसें जातात, असें त्याचें कारण सांगितलें जातें. तें खोटें नाहीं, पण अपुरें आहे. माणसें दिवाळीनंतर जातात. परंतु त्यांचें जाणें ठरतें तें त्यापूर्वीं तीन-चार महिने, आषाढ-श्रावणांत, ज्या दिवशीं घरांत 'उचल' येते त्या दिवशीं.

ऊसतोडीचा करार कोयत्याच्या हिशेबानें होतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. कारखान्याकडून पैसा मुकादमाकडे येतो आणि मुकादम तो आगाऊ रक्कम म्हणून जोडीच्या हातीं ठेवतो. ही रक्कम अलीकडे पन्नास हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत जाते. हंगामभर ऊस तोडून ती फेडावयाची. आजारपणानें वा बाळंतपणानें दिवस बुडाले तर 'खाडा' धरून पैसे कापले जातात, आणि हंगाम संपतांना फेड पुरी झाली नसेल तर बाकी पुढच्या सालावर चढते. बाहेरून पाहणाऱ्याला ही मजुरी वाटते. वास्तविक हें कर्ज आहे, आणि त्याला तारण आहे तें माणसाच्या श्रमाचें. ज्याच्यापाशीं दुसरें तारण नाहीं, त्याला मिळणारें हें बहुधा एकच मोठें कर्ज होय. तेव्हां डोंगरपट्टीच्या शेतकऱ्याचा प्रश्न केवळ उत्पन्नाचा नाहीं. आषाढांत घरांत पैसा नसला तर तो कोणापासून आणि कोणत्या अटीवर मिळतो, हा खरा प्रश्न आहे. ज्याच्याजवळ दुसरी वाट आहे त्याला उचल नाकारतां येते. ज्याच्याजवळ नाहीं त्याला ती घ्यावीच लागते.

या प्रदेशाची ठेवण लक्षांत घेतली म्हणजे हा प्रश्न अधिक उलगडतो. बालाघाटाची रांग बीडकडून लातूरमार्गें नांदेडच्या बाजूस उतरत जाते. तिच्या एका अंगाला गोदावरीचें खोरें, दुसऱ्या अंगाला मांजरेचें. खोऱ्यांतील जमीन काळी, खोल आणि ओल धरणारी. माथ्यावरची बरड, मुरमाड, वीतभर खोलीची. माथ्यावर पडलेलें पाणी घटकाभरांत ओढ्याला लागतें. पैशाचेंहि तेंच होतें. सोयाबीन बाजारांत गेलें कीं आलेला पैसा दुकानाची उधारी, बी-खताची बाकी आणि हातउसनें यांच्या उतारानें आठवड्याभरांत वाहून जातो, आणि पुढच्या मृगापर्यंत घर कोरडें पडतें. पाणी अडविण्यासाठीं ताली, समपातळी चर आणि नालाबांध लागतात, हें आतां सर्वांस पटलें आहे. पैसा अडविण्यासाठींहि बांध लागतो, ही गोष्ट तितकीशी पटलेली नाहीं.

पिकांच्या पालटानें हा उतार अधिक तीव्र झाला. पूर्वीं या हलक्या रानांत ज्वारी, तूर, मूग, उडीद अशीं मिसळीचीं पिकें असत. ज्वारी घरांत, कडबा जनावरांना, तूर डाळीला आणि तुराट्या चुलीला, अशी त्यांची वांटणी होई. गेल्या तीन-चार दशकांत सोयाबीननें त्यांतील पुष्कळ जागा घेतली. सोयाबीनला बाजार आहे, पैसा रोख मिळतो, हा त्याचा गुण नाकारण्याचें कारण नाहीं. पण त्याचा सारा माल एकदम बाजारांत जातो, घरांत खाण्यास कांहीं उरत नाहीं, आणि गुरांना कडब्यासारखी वैरण मिळत नाहीं. म्हणजे घराला लागणारें धान्य विकत घ्यावयाचें, बियाणें विकत घ्यावयाचें आणि वैरणहि विकत घ्यावयाची. रोखीची गरज वाढली आणि रोख येण्याचा दिवस मात्र वर्षांतून एकच राहिला.

रोखीची ही अडचण जुन्या काळींहि होती. तिचें रूप तेवढें वेगळें होतें. तेव्हां सवाई-दिढीनें धान्य मिळे. आषाढांत बियाण्यासाठीं चार पायल्या ज्वारी घेतली तर सवाईनें सुगीला पांच परत करावयाच्या, दिढीनें सहा. शाळेंतील मुलानेंहि हें गणित करून पाहावें. सहा महिन्यांत चारांच्या सहा झाल्या, म्हणजे सहा महिन्यांस शेंकडा पन्नास आणि वर्षास शेंकडा शंभर व्याज झालें. शिवाय देतांना धान्य महाग असे आणि परत घेतांना स्वस्त, हा फरक निराळाच. तरी शेतकरी जाई सावकाराकडेच. कारण सावकार गांवांत होता, रात्रीं दार उघडीत होता, आणि कागद मागत नव्हता.

सावकाराला पर्याय उभा करण्याचे प्रयत्न झाले नाहींत असें नाहीं. ब्रिटिश हिंदुस्थानांत सहकारी पतसंस्थांचा कायदा इ. स. १९०४ मध्यें झाला आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानांत, ज्यांत त्या वेळीं सारा मराठवाडा होता, तो १९१४ मध्यें आला. पुढें संस्थानांत धान्यपेढ्याहि निघाल्या. गांवानें सुगीच्या वेळीं धान्य एकत्र ठेवावें, पेरणीला तें गरजूंस द्यावें आणि सुगीला थोड्या वाढीसह परत घ्यावें, अशी ती योजना होती. कल्पना जुनीच, पण वाढ सावकाराच्या कणगींत न जातां गांवाच्याच कोठारांत जावी, हा तिचा नवा भाग होता. स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेनें सर्व देशांतील ग्रामीण कर्जाची पाहणी करविली. १९५४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालांत असें दिसून आलें कीं, शेतकऱ्याच्या कर्जांत सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा तीनांच्या आसपास होता आणि सावकारांचा शेंकडा सत्तरांच्या जवळ. पन्नास वर्षांच्या खटपटीचें हें फळ पाहून अनेकांना निराशा वाटली. १९६९ मध्यें मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, १९७५ मध्यें प्रादेशिक ग्रामीण बँकांची योजना निघाली आणि १९७६ मध्यें नांदेड येथेंच मराठवाडा ग्रामीण बँक स्थापन झाली. २००९ मध्यें ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेंत विलीन झाली. या बँकांमुळें खोऱ्यांतील शेतकऱ्याला खातें मिळालें, पीककर्ज मिळालें, विहिरीला व पंपाला पैसा मिळाला.

पण माथ्यावर हा पैसा पुरता चढला नाहीं. कारण बँक तीन गोष्टी मागते: जमिनीचा कागद, ठराविक तारीख आणि शाखेपर्यंतच्या फेऱ्या. डोंगरपट्टींत जमीन पुष्कळदां आजोबांच्या नांवावर राहिलेली. बटईनें करणाऱ्याच्या नांवावर ती नाहींच. आणि शेतांत दिवसभर राबणाऱ्या बाईच्या नांवावर तर क्वचितच. शिवाय पीककर्ज पिकाला मिळतें. घरांतील बाळंतपणाला, मुलाच्या तापाला, पोळ्याच्या आधीं लंगडलेल्या बैलाला तें मिळत नाहीं. या गरजा पांच हजारांच्या असतात, पण त्या आजच्या आज भागवाव्या लागतात. मुकादमाचा आणि सावकाराचा जम बसतो तो याच ठिकाणीं. कर्जमाफीच्या योजना २००८, २०१७ आणि २०१९ मध्यें आल्या. त्यांनीं बँकेचें कर्ज उतरलें. सावकाराच्या वहींतील आंकडा आणि मुकादमाची उचल मात्र तशीच राहिली.

येथें परदेशांतील एका डोंगरपट्टीची हकीकत उपयोगी पडेल. जर्मनींत ऱ्हाइन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नांवाचा उंच आणि थंड प्रदेश आहे. एकोणिसाव्या शतकांत तो दरिद्री होता. तेथील वायरबुश नांवाच्या गांवीं फ्रीड्रिख विल्हेल्म राइफायझेन हा तरुण अधिकारी गांवप्रमुख होता. १८४६-४७ च्या हिंवाळ्यांत दुष्काळ पडला, तेव्हां त्यानें सुखवस्तु लोकांकडून पैसा जमविला, धान्य आणविलें, गांवाची भट्टी बांधली आणि गरिबांना पाव उधारीनें दिला. पुढें फ्लामर्सफेल्ड या गांवीं त्यानें १८४९ मध्यें दुसरी संस्था काढली. तेथें गुरांचे व्यापारी शेतकऱ्याला जनावर उधार देऊन नागवीत असत. म्हणून ही संस्था स्वतः जनावरें घेऊन शेतकऱ्यांना हप्त्यांनीं देऊं लागली. तिसरी संस्था हेडेसडॉर्फ येथें १८५४ मध्यें निघाली. या संस्था श्रीमंतांच्या धर्मबुद्धीवर चालत. कांहीं वर्षांनीं त्या धर्मबुद्धीला थकवा आला. तेव्हां राइफायझेननें १८६४ मध्यें पायाच बदलला: जो कर्ज घेईल त्यानें सभासद झालें पाहिजे, सर्वांनीं सर्वांच्या कर्जाची हमी घेतली पाहिजे, संस्था एवढी लहान असावी कीं प्रत्येकाला प्रत्येकाचें घर ठाऊक असावें, आणि नफा वांटून न घेतां गंगाजळींत ठेवावा. दान संपलें तरी ही संस्था संपली नाहीं. मद्रास सरकारच्या फ्रेडरिक निकल्सन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानासाठीं हाच नमुना सुचविला होता, आणि १९०४ चा कायदा त्याच विचारांतून निघाला. चूक नमुन्यांत नव्हती. सभासदांचा पैसा आणि सभासदांची देखरेख, हा त्याचा गाभा आपल्याकडे पुष्कळ ठिकाणीं गळून पडला आणि वरून आलेला पैसा वांटण्याची कचेरी तेवढी उरली.

तो गाभा लातूरच्या भूमींत पुन्हां रुजला, आणि तोहि मोठ्या आपत्तींतून. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरांत भूकंप झाला आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारें दहा हजार माणसें मृत्युमुखीं पडलीं. घरबांधणीच्या कामांत गांवकऱ्यांचा हात असावा म्हणून सरकारनें 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेचें साह्य घेतलें. प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालीं या संस्थेनें गांवोगांवच्या बायकांना संवाद साहाय्यिका म्हणून पुढें आणलें. घरें उभीं राहिलीं, पण बायका परत चुलीपाशीं गेल्या नाहींत. त्यांच्या मंडळांतून बचतगट निघाले. त्याआधींच, १९९२ मध्यें, नाबार्ड या राष्ट्रीय बँकेनें पांचशें गटांना बँकांशीं जोडण्याचा प्रयोग सुरू केला होता. १९७५ मध्यें स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळानें पुढें हें काम राज्यभर नेलें. २००७ पासून आंतरराष्ट्रीय कृषि विकास निधीच्या साह्यानें 'तेजस्विनी' कार्यक्रम चालला आणि गटांच्या संघांतून 'लोकसंचालित साधन केंद्रें' उभीं राहिलीं. २०११ मध्यें 'उमेद' अभियान आलें. आज नांदेड-लातूरच्या डोंगरपट्टींत बचतगट हा शब्द ठाऊक नाहीं अशी वाडी सांपडणें कठीण.

या गटाचें काम कसें चालतें, हें थोडक्यांत पाहण्याजोगें आहे. समजा, बारा बायकांचा गट आहे आणि प्रत्येकजण दरमहा शंभर रुपये टाकते. महिन्याला बाराशें, वर्षाला चौदा हजार चारशें रुपये जमले. हा पैसा पेटींत पडून राहत नाहीं. बैठकींतच एखादीला दोन हजार, दुसरीला तीन हजार असा दिला जातो. व्याज शेंकडा दरमहा दोन धरलें तर वरवर पाहणारा म्हणेल कीं, हें सावकारासारखेंच झालें. पण वर्षभर सरासरी सात हजार रुपये फिरत राहिले तर सोळाशें ऐंशी रुपये व्याज येतें, आणि तें सावकाराच्या घरीं न जातां त्याच बारा जणींच्या गंगाजळींत पडतें. दर तेवढाच असला तरी व्याज कोणाच्या घरीं जातें, यावर सारें अवलंबून आहे. शिवाय वही नीट राहिली, बैठक चुकली नाहीं, परतफेड वेळेवर झाली, तर त्या बचतीच्या कांहीं पट कर्ज बँक देते, आणि त्याला जमिनीचा कागद लागत नाहीं. गटाची वही हाच त्याचा कागद. ज्या बाईच्या नांवावर गुंठाभर रान नाहीं, तिला पत मिळते ती या वहीमुळें. म्हणून गटांत एखादी तरी बाई स्वच्छ हिशेब लिहिणारी असली पाहिजे. डोंगरपट्टींतील मुलींच्या शाळेचा आणि गटाच्या पतीचा संबंध येथें जोडला जातो.

पण गट म्हणजे केवळ कर्ज घेण्याचें साधन झालें तर तें उलटतें. त्या वेळीं शेजारीं असलेल्या आंध्र प्रदेशांत हें दिसून आलें. तेथें खाजगी लघुवित्त कंपन्यांनीं एकेका घरीं तीन-तीन, चार-चार कर्जें दिलीं आणि आठवड्याच्या हप्त्यासाठीं तगादा लावला. आत्महत्या झाल्या, आणि ऑक्टोबर २०१० मध्यें सरकारला वटहुकूम काढून हा व्यवहार आवरावा लागला. नांदेड-लातूरच्या वाड्यांतहि अशा कंपन्यांचे वसुलीदार फिरतात. आठवड्याचा हप्ता भाजीवालीला परवडतो, कारण तिचा गल्ला रोज भरतो. जिरायत शेतकऱ्याचा गल्ला वर्षांतून एकदां भरतो. दोघांना एकच हप्ता लावणें म्हणजे विहीर आणि ओढा यांना एकच मोट लावणें होय.

येथें उद्योगाचा प्रश्न येतो. कर्ज फेडावयाचें तर वर्षांतून एकदां नव्हे, अनेकदां पैसा आला पाहिजे. आणि तो येण्यासाठीं गांवांत असा धंदा पाहिजे कीं ज्याचा कच्चा माल जवळ आहे, ज्याचें ज्ञान हातांत आहे आणि ज्याचा माल डोंगर उतरेपर्यंत नासत नाहीं. बाहेरून आणलेलीं यंत्रें आणि चार दिवसांचें प्रशिक्षण यांवर उभे केलेले कित्येक धंदे अनुदान संपतांच बंद पडतात, त्याचें कारण या तीन कसोट्यांत सांपडतें.

उलट बालाघाटावर पिढ्यान् पिढ्या टिकलेले धंदे पाहावे. धाराशिव जिल्ह्यांतील भूम तालुक्यांत कुंथलगिरीच्या परिसरांत खव्याच्या भट्ट्या आहेत. डोंगराळ गांवाहून दूध शहराला पोंचेपर्यंत नासण्याचें भय. म्हणून लोकांनीं तें गांवांतच आटविलें. पांच-सहा लिटर दुधाचा सुमारें किलोभर खवा होतो, ओझें कमी होतें आणि माल टिकतो. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. त्याच वर्षीं लातूर जिल्ह्यांतील पानचिंचोलीची चिंच, बोरसुरीची तूरडाळ आणि कास्ती कोथिंबीर यांनाहि तें मिळालें. चिंचेचें झाड बांधावर उभें असतें, पाणी मागत नाहीं. पण बहर झाडावर असतांनाच व्यापाऱ्याला देऊन टाकण्याची रीत आहे, कारण घरांत पैसा नसतो. चिंच झोडून, फोडून, चिंचोका काढून विकली तर मोल पुष्कळ वाढतें, आणि चिंचोक्यालाहि खळीच्या धंद्यांत गिऱ्हाईक आहे. दोन महिने थांबण्याची ताकद, एवढेंच काय तें भांडवल येथें लागतें. गटाच्या गंगाजळीनें तें पुरवावें.

तुरीचेंहि तसेंच. शेतकरी तूर विकतो आणि कांहीं दिवसांनीं डाळ विकत आणतो. अकोल्याच्या कृषि विद्यापीठानें लहान डाळगिरणी तयार केली आहे. ती एका गटाला चालवितां येते. डाळ गांवांत झाली तर चुनी-भुसाहि गांवांत राहतो आणि तो गुरांच्या तोंडीं जातो. ज्यांना तूर-सोयाबीन तशीच विकावयाची आहे त्यांच्यासाठीं राज्य कृषि पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. बाजार समितीच्या गोदामांत माल ठेवावा, किंमतीच्या शेंकडा पंचाहत्तरपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठीं शेंकडा सहा व्याजानें घ्यावी आणि भाव आल्यावर माल विकावा, अशी ती सोय आहे. मात्र एकट्या शेतकऱ्याचीं चार पोतीं गाडीभाड्यालाहि परवडत नाहींत. वाडींतील वीस जणांचीं पोतीं एका गाडींत गेलीं तरच या सोयीचा उपयोग होतो.

जनावर हें या प्रदेशाचें सर्वांत जुनें भांडवल. कंधारची लाल कंधारी आणि देवणीची देवणी या दोन्ही गोवंशांनीं आपल्या गांवांचीं नांवें देशभर नेलीं. देवणींत वानेरा, बालंक्या आणि शेवरा असे रंगभेद जाणकार सांगतात. लोहा तालुक्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा आणि उदगीर तालुक्यांतील हाळी-हंडरगुळीचा बाजार या जनावरांनीं गाजला. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाची मागणी घटली आहे. तथापि हलक्या चाऱ्यावर तगणारी, उन्हाला न डगमगणारी हीं जनावरें डोंगरपट्टीच्या मापाचीं आहेत. ज्याला गाय झेपत नाहीं त्याला उस्मानाबादी शेळी आहे. ती बहुधा जुळीं करडें देते आणि अडचणीच्या दिवशीं बाजारांत नेतां येते. शेळी म्हणजे गरिबाची चालती-फिरती बँक. मात्र गटानें शेळीसाठीं पैसे देतांना वैरणीची, लसीची आणि विम्याची सोय आधीं पाहावी. नाहींतर एका साथींत शेळी जाते आणि कर्ज तेवढें मागें राहतें.

अन्नाची बाजू बायकांनींच सांभाळली आहे. स्वयं शिक्षण प्रयोगाच्या गटांनीं मराठवाड्यांत एक एकराची शेती चालविली. घरच्या रानांतील अर्धा-एक एकर बाईनें आपल्या निर्णयानें करावयाचा, त्यांत एकाच पिकाऐवजीं ज्वारी, कडधान्यें आणि भाजीपाला मिळून अनेक पिकें घ्यावयाचीं, आधीं घर जेववावयाचें आणि उरेल तें विकावयाचें. २०१७ मध्यें संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानें या कामाला 'इक्वेटर' पारितोषिक दिलें. या एका एकरानें कोणी श्रीमंत होत नाहीं. पण आषाढांत घरांत ज्वारी आणि डाळ असणें म्हणजे उचलीची पहिली गरजच कमी होणें होय.

नांदेडच्या उत्तरेस किनवट-माहूरचा डोंगराळ मुलूख याहून वेगळा आहे. १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यांत होतें. तेथें पाऊस अधिक, जंगल दाट आणि वस्ती गोंड, कोलाम, आंध, बंजारा लोकांची. मोहाचीं फुलें, चारोळी, तेंदूपानें, डिंक, मध हें त्यांचें दुसरें पीक. खाजगी व्यापाऱ्याच्या हातून हा माल सोडविण्यासाठीं राज्यानें १९७२ मध्यें आदिवासी विकास महामंडळ काढलें आणि १९७८ पासून पावसाळ्याच्या उपासमारीसाठीं 'खावटी' कर्ज देऊं केलें. २००६ च्या वनहक्क कायद्यानें वनांतील जमिनीवर आणि गौण वनोपजावर त्यांचा हक्क मान्य झाला. खावटीचा हेतु उत्तम होता, पण तिची वसुली होईना, आणि २०२० मध्यें ती अनुदान म्हणूनच दिली गेली. भुकेल्याला अन्न देणें हें राज्याचें कर्तव्यच आहे. तें अनुदान म्हणूनच द्यावें. पण त्याला कर्ज म्हटलें म्हणजे लोकांना कर्ज न फेडण्याची संवय लागते आणि खरी पतपेढी उभी राहण्याची जागा नाहींशी होते. दान आणि ऋण यांच्या वह्या वेगळ्या असाव्या, हा धडा किनवटपासून घ्यावा.

कोणी म्हणेल कीं, शंभर-शंभर रुपयांच्या बचतीनें लाखाची उचल कशी थांबणार? शंका रास्त आहे. बचतगट पाऊस पाडीत नाहीं. २०१६ च्या उन्हाळ्यांत मिरजेहून लातूरला रेल्वेनें पाणी आणावें लागलें. तशा वर्षीं कोणतीहि वही पुरी पडत नाहीं. मृद्संधारण, रस्ता, दवाखाना आणि रोजगार हमीचें काम वेळेवर मिळणें, हें राज्यानेंच करावयाचें आहे. परंतु लाखाची उचल घेण्याची वेळ बहुधा पांच-पांच हजारांच्या अडचणी सांचून येते. आजारपणाचे पांच हजार, बियाण्याचे आठ, किराण्याची बाकी सहा. या प्रत्येक वेळीं गांवांतच हात पुढें करण्यास जागा असली तर लाखाचा आंकडा उभाच राहत नाहीं. आणि उभा राहिलाच, तरी ज्या जोडीच्या घरीं चार शेळ्या, दोन पोतीं तूर आणि गटांत पत आहे, ती मुकादमापुढें अटी घालूं शकते. मुलांना गांवीं ठेवून जाऊं, किंवा यंदां येत नाहीं, असें ती म्हणूं शकते. डोंगरपट्टीच्या अर्थकारणाचें यश मोजावयाचें तें या 'नाहीं' शब्दावर मोजावें. किती कर्ज वांटलें, यावर मोजूं नये.

शहरांतील घरांचा या व्यवहाराशीं संबंध दूरचा नाहीं. चहांतली साखर, आमटींतली डाळ आणि चिंच, सणाच्या पेढ्यांतला खवा हीं सारीं याच डोंगरांवरून आणि याच हातांतून येतात. गटाच्या मालाला दया म्हणून नव्हे तर चांगला माल म्हणून गिऱ्हाईक मिळालें पाहिजे. त्यासाठीं माल निवडक आणि माप पुरें हवें, आणि गिऱ्हाइकानेंहि पैसे रोख द्यावे, कारण शहराची उधारी डोंगरावरच्या गटालाच सोसावी लागते. निवृत्त झालेल्या बँक-सेवकांनीं आणि शिक्षकांनीं महिन्यांतून एक दिवस एखाद्या वाडीच्या वह्या तपासून दिल्या, तर तें एखाद्या देणगीपेक्षां मोठें काम होईल. दिवाळीनंतर तांड्यावरून निघणाऱ्या गाड्या एका सालांत थांबणार नाहींत. त्यांत शाळेंतील मुलें दरसाल थोडीं कमी दिसावींत, एवढें जरी झालें तरी गांवाच्या पेटींतील शंभर-शंभर रुपये सत्कारणीं लागले असें म्हणतां येईल.